याकोबनं मोठ्यानं वाचलेलं प्रूफ

"पूर्णविराम," याकोब साळवे म्हणाला आणि थांबला.

मी लाल पेन्सिल घेऊन प्रूफवर मान घालून बसलो होतो. "पुढं?"

"पुढं वाचू का, शेखसाहेब?"

"वाचा की. थांबलात कावून?"

याकोबनं वाचलं. एकेक शब्द, एकेक स्वल्पविराम. परिच्छेद संपला तसं पुन्हा "पूर्णविराम" म्हणाला. त्यात एकही चूक नव्हती. मी कोपऱ्यात सही केली आणि दुसरं पान पुढं ओढलं. या अर्ध्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

बीडला आमची छापखान्याची सहकारी सोसायटी होती. जुन्या मालकानं प्रेस बंद केला तेव्हा आम्ही आठ कामगारांनी मिळून तो चालवायला घेतला. मी मॅनेजर आणि प्रूफरीडर. याकोब कंपोझिटर, म्हणजे शिशाचा एकेक टाईप उचलून ओळी जुळवणारा. त्याची बोटं न बघता खणात जायची आणि नेमकं अक्षर घेऊन यायची. डॉक्टरचं अक्षरसुद्धा त्याला लागायचं. ईदचा शीरखुर्मा त्याच्याशिवाय आमच्या घरी उतरत नसे, आणि नाताळात त्याच्या घरच्या करंज्या आमच्याकडे यायच्याच.

प्रूफ तपासायची पद्धत अशी होती. ज्यानं मजकूर जुळवला, त्यानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं. काना, मात्रा, विरामचिन्हं, सगळं म्हणून दाखवायचं. प्रूफरीडरनं छापील कागदावर नजर ठेवायची. यात एक गोम आहे. चांगला प्रूफरीडर मजकूर वाचतच नाही. तो अक्षरं वाचतो. मजकुरात गुंतला की चुका निसटतात. मी चांगला प्रूफरीडर होतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमचंही काम आटलं. लग्नं पुढं ढकलली गेली, मग पत्रिका कोण छापणार? कपिलधारच्या यात्रेची हँडबिलंसुद्धा त्या साली आली नाहीत. येत होते ते फक्त मस्टरचे फॉर्म. दुष्काळी कामावरच्या मजुरांची हजेरी ज्याच्यावर लिहितात तो कागद. तो फॉर्मही याकोबनंच जुळवला होता.

अशात मोमीन मास्तर एक वही घेऊन आले. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, अभ्यासू, सरळ माणूस. त्यांनी मराठीत पुस्तिका लिहिली होती, ईसाई धर्मातली तत्त्वं कुठून आली याबद्दल. मुसलमान हजरत ईसांना मानतात. ते मरियमचे पुत्र, बापाविना जन्मलेले, अल्लाहचे पैगंबर. पण देवाचे पुत्र नव्हेत. मास्तरांचं म्हणणं असं की, ईसांनी एकाच देवाकडे बोलावलं. पुत्र, त्रैक्य म्हणजे तिघांत एक देव, या गोष्टी नंतर जोडल्या गेल्या. ज्यानं ईसांची सोबत केली नव्हती त्या पौलानं त्या रोमी लोकांत पसरवल्या आणि पुढं बादशहानं धर्मगुरूंची सभा भरवून त्यावर शिक्का मारून घेतला. मी वही चाळली. मला ती आवडली. लहानपणापासून ऐकलेलं कुणीतरी नीट मांडलं होतं. छाती थोडी फुगली म्हणा ना.

सोसायटीत कामं पाळीनं घ्यायची असा ठराव होता. आवडनिवड करायची नाही. वहीच्या दिवशी पाळी याकोबची होती.

त्यानं दोन पानं वाचली आणि माझ्या टेबलाशी आला. "शेखसाहेब, ही पाळी बदलून देता का? मी मस्टरचे फॉर्म घेतो. दुप्पट घेतो."

"याकोबराव, ठराव आपणच केलाय."

"हमीदभाईला दारूच्या दुकानाची जाहिरात नको होती, तवा तुमी बदलून दिलती."

"ती गोष्ट वेगळी होती," मी म्हणालो.

वेगळी कशी, ते त्यानं विचारलं नाही. खरं कारण आज सांगतो. मजकूर माझ्या मनासारखा होता, म्हणून मला नियम आठवला.

याकोबनं काम घेतलं. चार दिवसांत त्यानं सगळी वही जुळवली. मध्येच एकदा चहाच्या वेळी हसून म्हणाला, "मास्तर लई हुशार हायेत. सभा झाली, ठराव झाला, हे खरंच हाय. पर मला एक सांगा. आपल्या सोसायटीचा ठराव झाला म्हणून आपण आठ जण एकत्र आलो का? आधी आपण आलो. मग लिहून घेतलं."

"म्हणजे?"

"म्हणजे लोक आधी मानत होते. सभेनं नुस्तं शब्दांत बसवलं. नंतर लिहिलं म्हणून नंतर आलं, असं न्हाई होत."

मी हसून कप खाली ठेवला. "हे मास्तरांना सांगा की," एवढंच म्हणालो. तो बिनतोड बोलला होता की नाही, याचा विचार करावा असं मला वाटलं नाही. कंपोझिटरनं धर्मशास्त्रावर बोलावं याचीच गंमत वाटली.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी एक चिठ्ठी पाठवली. अखेरच्या पानावर एवढा परिच्छेद वाढवा. मी ती न वाचताच याकोबच्या केसवर, म्हणजे टाईपांच्या खणावर ठेवली. त्यानं सकाळी ती जुळवली. दुपारी आम्ही प्रूफ वाचायला बसलो आणि तो त्या परिच्छेदाशी थांबला. पुढचं वर सांगितलंच आहे.

संध्याकाळी त्यानं पानं दोरीनं बांधली. मशीनवर चढवायला तयार करून ठेवली. स्वतःचा खण पुसला. टाईप उचलायचा चिमटा माझ्या टेबलावर ठेवला. "येतो," म्हणाला. नेहमी "उद्या येतो" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलीनं कागद आणून दिला. मला सभासदत्वातून मोकळं करावं. कारण लिहिलं नव्हतं. मी चक्रावलो. त्या साली हातचं काम कोण सोडतं? तोवर पुस्तिका छापून झाली होती, शिवायची बाकी होती. मी शेवटचं पान उचललं आणि पहिल्यांदा अक्षरं सोडून मजकूर वाचला.

लिहिलं होतं की, आपल्या भागातल्या ईसायांशी तत्त्वावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाडवडिलांनी दुष्काळात भाकरीसाठी धर्म घेतला. पोटातून आलेल्या धर्माला डोक्याच्या गोष्टी काय कळणार.

हे मी याकोबच्या तोंडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं. पूर्णविरामासकट.

तसाच उठून मास्तरांकडे गेलो. ते नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होते. पान पुढं धरलं आणि कंपोझिटर कोण होता ते सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मला कुणी सांगितलं नाही की जुळवणारा ईसाई आहे," ते म्हणाले.

"नसता तर चाललं असतं का, मास्तर?"

त्यांनी ओले हात पुसून पान घेतलं, ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नाही. नसतं चाललं. तत्त्वाबद्दल लिहिलेलं मी मागं घेणार नाही, शेख. ते माझं ईमान आहे. पण किताबवाल्यांशी, ईसायांशी बोलायचं तर भल्या रीतीनं बोला, असा कुराणात हुकूम आहे. ही ओळ हुकुमातली नाही. रागातली आहे. काढून टाका, आणि त्याला माझी माफी सांगा."

मी त्यांना याकोबचं ठरावाचं बोलणं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "हे त्यानं मला येऊन सांगायला हवं होतं. याला उत्तर द्यायला मला आणखी एक वही लागली असती." हे बोलताना ते माझ्यासारखे हसले नाहीत.

ते पान मी स्वतः जुळवलं. वाचून दाखवायला हमीद बसला. नऊ चुका निघाल्या.

याकोब उमापूरकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडतोय असं महिन्याभरानं कळलं. नवं पान खिशात घालून एसटीनं गेलो. रस्त्याच्या कडेला दोनेकशे माणसं बसली होती, सगळी धुळीनं एका रंगाची. मुकादमाच्या हातात आमच्याच प्रेसचं मस्टर होतं. याकोबनं जुळवलेल्या रकान्यात याकोबचं नाव होतं.

"या, शेखसाहेब," तो म्हणाला. जणू मी त्याच्या घरीच आलो होतो. बसायला एक गोणपाट सरकवलं.

मी पान दिलं. "ती ओळ काढली. मास्तरांनीच काढायला लावली. त्यांनी माफी मागितलीय."

त्यानं पान नुसतं बघितलं. "हे कोणी जुळवलं? तुमी? ओळी सैल बसल्यात."

"परत चला, याकोबराव. पाळीचा ठराव बदलतो."

त्यानं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं फुटून घट्ट झाली होती, नखं काळी. "टाईप उचलून बघितला परवा, जवळ होता एक. काना हाय का वेलांटी, काय कळंना. आता हाताला लागत न्हाई."

त्यानं हात मागं घेतला. मग बोलला.

"मास्तरांनी लिहिलं त्याचा राग न्हाई. ते मला वळखत नव्हते. माझी आजी भाकरीसाठी न्हाई गेलती, शेखसाहेब. पाण्यासाठी गेलती. गावच्या आडावर आमाला चढू देत नव्हते. तिचं लेकरू तहानलं होतं. मिशनच्या विहिरीवर कुणी तिला हटकलं न्हाई. नंतर तिनं विचारलं, ह्या विहिरीचा देव कोणचा. एवढाच आमचा सभेचा ठराव."

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"मी थांबलतो की. तुमी पुढं म्हणालात."

मुकादमानं हाक मारली. त्यानं हातोडी घेतली. मी शेवटची एसटी धरून परत आलो.

पुढच्या साली पाऊस झाला, पत्रिका आल्या, सोसायटी आणखी बरीच वर्षं चालली. पण त्याआधीच, उमापूरहून परतलो त्या आठवड्यात, मी सभेत एक ठराव मांडला होता. मजकुरानं ज्याचं मन दुखेल अशा सभासदानं पाळी नाकारली तर कारण न विचारता बदलून द्यावी, आणि मॅनेजरनं प्रत्येक हस्तलिखित छापण्याआधी एकदा माणसासारखं वाचावं. एकमतानं मंजूर झाला. ठराव चांगला होता. मी रिटायर होईपर्यंत पाळला. तो लिहून झाला तेव्हा ज्याच्यासाठी लिहिला, तो खडी फोडत होता.