रिकामी कैची

धोंडबा म्हणजे बोलका न्हावी. कामठीतल्या त्याच्या दुकानात खुर्चीवर बसलं की तुमच्या सासुरवाडीपर्यंतची चौकशी झाल्याशिवाय सुटका नाही. मला याचा राग यायचा. मी केस कापायला आलोय, जबानी द्यायला नाही! हल्ली मात्र तो बोलता बोलता मध्येच गप्प होतो, आणि ते मला जास्त जड जातं.

जवळच फौजेचं एक ट्रेनिंग सेंटर आहे. तिथल्या रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, रविवारी दोन-तीन तास बाहेर सोडतात. त्यांचे केस आतच, मशीनने, पार कातडीपर्यंत उडवलेले असतात. तरी रोशन नावाचा एक पोरगा दर रविवारी धोंडबाकडे यायचा. बुलढाण्याकडचा होता. बाकीची पोरं टोळक्यानं हिंडत, हा एकटाच. "मानेवरचे जरा बारीक करा," म्हणायचा. धोंडबा त्याच्या मानेवर हात ठेवून विचारायचा, "जेवला का गा? घरी कोण कोण हाये?" पोरगा डोळे मिटून उत्तरं द्यायचा. तो तेवढ्यासाठीच येत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीचा रविवार. दुकान भरलेलं. रोशन खुर्चीत बसला आणि धोंडबा वैतागला. "काय कापू गा तुह्यं? डोक्यावर एक केस तरी हाये का? वाढले की ये."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण पुढचा नंबर माझा होता. रोशनही हसला आणि उठून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही नाही. कोणी रंगरूट म्हणाला दवाखान्यात नेलं, कोणी म्हणाला घरी धाडलं. त्याचं उठणं बंद झालं होतं, तो कुणाशी बोलत नव्हता, एवढंच सगळे सांगत. पुढे काय झालं, ते धोंडबाला कोण सांगणार? "मले अजून तो आरशात दिसते," तो मला एकदा म्हणाला. "मांगं, बाकड्यावर बसून राहते." मी थट्टेवारी नेलं. त्याची मला आज लाज वाटते.

परवाच्या रविवारी एक नवा रंगरूट आला. डोकं गुळगुळीत. धोंडबाने काही न विचारता त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि त्याच्या कानांभोवती रिकामी कैची चालवू लागला. कच कच कच. पाव तास तो गावाचं, आईचं, जेवणाचं विचारत होता. कोणी हसलं नाही.

पोरगा उठला. "येतो काका. आता केस वाढले की येईन."

धोंडबाने त्याचा दंड गच्च धरला. "नाही गा! वाढाच्या आधी ये. पुढच्याच रविवारी ये. येशीन ना?"

पोरगा बावरून हो म्हणाला आणि गेला. धोंडबाने दारात कापड झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही.

माझा नंबर होता. मी खुर्चीत बसलो, आणि आरशाकडे पाहायचं टाळलं.