पापण्या उचलायला अंधेरीला

विक्रोळीहून माणूस अंधेरीला जातो तो कामाला, लग्नाला, नाहीतर विमान पकडायला. मी निघाले पापण्या उचलायला. एका पिशवीत तपासण्यांचे रिपोर्ट, दुसरीत जादा उशी आणि डोळ्यांवर नवऱ्याचा काळा चष्मा. चाळीच्या तोंडाशी शेजारची सुमन उभीच होती.

"काय गं, हिरोइन व्हायला चाललीस? मग गोरेगावला उतर ना, स्टुडिओ तिथे आहेत!"

"आधी मला बसचा नंबर दिसू दे. मग तू मला बघत बस," मी म्हटलं.

खरं कारण कुणी ऐकूनच घेत नव्हतं. वयाबरोबर माझ्या वरच्या पापण्या ओघळून बुबुळावर आल्या होत्या. वरचं काही पाहायचं तर हनुवटी उचलावी लागे. नातेवाइकांनी अर्थ लावून ठेवला होता: घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, मान खाली घालायला विसरली. पदवीचा मला अभिमान आहेच. पण तो मी मानेत ठेवत नाही, असं माझं म्हणणं.

अंधेरीच्या डॉक्टरबाईंनी आधीच्या भेटीत माझ्या पापण्या चिकटपट्टीने वर धरून नजरेची परीक्षा पुन्हा घेतली होती. एरवी न दिसणारे, पडद्याच्या वरच्या भागातले ठिपके लख्ख दिसले. रक्तदाब, साखर, कोरडे डोळे, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं त्यांनी विचारलं. मी घेत असलेला काढासुद्धा. "गोळी बंद करायची असेल तर ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारूनच," त्या म्हणाल्या. काढ्याचं मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण आपल्याकडे काढ्याला औषध धरतच नाहीत.

ऑपरेशन जागेपणी झालं. पापणीत सुई टोचताना चुरचुरलं, मग नुसती ओढाताण जाणवत राहिली. मधूनच "डोळे उघडा, मिटा" असा हुकूम यायचा. शाळेतल्या कवायतीत मी इतकी आज्ञाधारक नव्हते. दुपारी घरी जायची परवानगी मिळाली. सूचनांचा कागद मी दिलीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्याने वाचून दाखवला: खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, उशाला उंची हवी.

"कळलं का?" मी दटावलं.

"मला कळून काय उपयोग? ऑपरेशन तुझं झालंय," तो म्हणाला.

सरळ घरी यायचं, तर वाट वाकडी करून गोरेगावला आत्याकडे गेलो. कॉलेजची वर्षं मी तिच्याच खोलीत अभ्यास केला. एवढ्या जवळून जाऊन न भेटलो तर ती वर्षभर ऐकवणार. आत्या दारातच उभी होती, मागे काका, त्यांच्या मागे शेजारच्या आजी. आणि मान खाली न घालण्याबद्दल प्रसिद्ध असलेली मी, रांगेने तिघांच्याही पायांपर्यंत वाकले. कागद वाचला होता तो डोळ्यांनी. कमरेला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याने गरम पिठी (कुळथाच्या पिठाचं कढण) आणि भात वाढला. दिलीप दोनदा जेवला. मग रिक्षा आरेच्या झाडीत शिरली. गारवा होता, उन्हाचे कवडसे होते. दोन चांगली वाक्यं सुचत होती, तेवढ्यात उजव्या डोळ्यात कळ आली. पापणी हाताला टणक लागली. डावा डोळा झाकून पाहिलं तर झाडं धुरकट.

"घरी जाऊन बर्फ लावू," दिलीप म्हणाला.

"बर्फ नाही. अंधेरी. आत्ता."

रिक्षावाल्याने काही न विचारता मरोळकडून रिक्षा दामटली. प्रत्येक गतिरोधकाला मी डावा डोळा झाकून पाहत होते, उजव्याला अजून काय काय दिसतंय ते.

डॉक्टरबाईंनी टाके सोडले, आत साठलेलं रक्त काढलं, वाहणारी जागा बंद केली. डावा डोळा झाकून त्यांची बोटं मला उजव्याने मोजता आली, तेव्हा दिलीप पहिल्यांदा खुर्चीत बसला.

"घरी गेला असतात तर नजर गेली असती," त्या म्हणाल्या. "काय केलंत असं?"

"नमस्कार."

"तेच कारण असेल असं नाही. पण आशीर्वाद उभ्यानेही मिळतो हो."

पुढचे दिवस चाळीत गेले. थंड पट्ट्या, काळेनिळे डोळे, रात्री मलम, कारण पापण्या सुरुवातीला पुरत्या मिटत नव्हत्या. सुमन गुलाबपाणी घेऊन आली, मी ते तिलाच प्यायला सांगितलं. आठवड्याभराने टाके निघाले. एक पापणी दुसरीपेक्षा सुजलेली दिसायची. ती सारखी व्हायला महिने लागतात, हे आरशाला समजावणं सगळ्यात कठीण गेलं.

डॉक्टरबाईंनी सगळी मोकळीक दिल्यावर पुन्हा गोरेगाव. मी दारात पाऊल टाकताच आत्या ओरडली, "वाकू नको गो! माझे पाय खंय पळान जाणत नाय!" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "मान सरळ इली तुझी. गर्व उतरलो?"

"आत्या, तो गर्व नव्हताच. पापणी होती. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

आत्याने नुसतं आतल्या दाराच्या वर बोट दाखवलं. तिथे बऱ्याच उंचीवर माझा पदवीदानाचा फोटो आहे. कित्येक वर्षांनी तो मला हनुवटी न उचलता दिसला. काळा झगा, हातात गुंडाळी, टपोरे उघडे डोळे, पापण्या ठणठणीत. आणि हनुवटी पार आढ्याला लागलेली.

मी पिठी वाढून घेतली आणि मान खाली घालून जेवले.