बोडीचं पाणी आणि उडालेलं गॅस्केट

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर खोट काढण्यासाठी वाचतो. हवेली, पांढरी साडी, हायवेवरची लिफ्ट मागणारी बाई... असल्या गोष्टींवर माझा कधी काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. वरठीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे आणि माझं काम मुख्यतः तापमानाशी. कुठली गोष्ट किती तापली, का तापली, कुठपर्यंत तापू द्यायची — हेच दिवसभर बघायचं. म्हणूनच जे घडलं ते माझ्याच बाबतीत घडावं याचं मला जास्त नवल वाटतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे एक जुनी पेट्रोल जीप आहे. एका ठेकेदाराच्या आवारात ती गवतात पडून होती, तिथून उचलून आणली आणि हळूहळू उभी केली. इंजिन जुन्या पद्धतीचं, चार सिलिंडरचं. त्याचं हेड म्हणजे वरून नटांनी आवळलेलं जाड लोखंडी झाकण. त्या झाकणाच्या आणि ब्लॉकच्या मध्ये तांब्याचा पातळ पत्रा असतो, ते हेड गॅस्केट. ते जळालं की झालं... सिलिंडरमधला दाब पाण्यात जातो, पाणी सिलिंडरमध्ये येतं आणि गाडी किटलीसारखी उकळते.

जुनी गाडी चालवणारा माणूस अर्धं दुकान सोबत घेऊन फिरतो. माझ्या मागच्या पेटीत फॅन बेल्ट, होज पाइप, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, एक कॉइल, पेट्रोल पंपाचा पडदा — सगळं असतं. गॅस्केटसुद्धा असतं, वाकू नये म्हणून दोन प्लायवुडच्या मध्ये बांधून ठेवलेलं. माझी बायको वर्षा म्हणते, "तुमची गाडी म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान, चाकं उगीच लावली."

वर्षाचं माहेर सिहोऱ्याकडचं. पोळ्याच्या आठवड्यात आम्ही तिच्या भावाकडे दोन दिवस राहिलो आणि दुपारचं जेवण करून परत निघालो. सिहोऱ्याच्या थोडं अलीकडे एक आडरस्ता आहे, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये एक बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बोडीच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याजवळ आलो आणि गाडी खोकायला लागली. सायलेन्सरमधून पांढरी वाफ. तापमानाचा काटा चढत चढत पार टोकाला. बोनेट उघडून रेडिएटरच्या नळीतून येणारे बुडबुडे पाहिले आणि कळलं, दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट उडालंय.

"हेड गेलं," मी वर्षाला म्हणालो.

"मग? आहे ना तुमच्या पेटीत?"

होतंच. मला तर खरं म्हणजे थोडा आनंदच झाला होता. इतकी वर्षं ते गॅस्केट मी उगीच वाहत नव्हतो! पण गरम इंजिनाचं हेड खोलता येत नाही, वाकतं. म्हणून ताडपत्री अंथरली, नट खोलायचे पाने काढून ठेवले आणि इंजिन निवायची वाट बघत चिंचेखाली बसलो. वर्षाने डब्यातली करंजी काढून दिली.

तेवढ्यात बांधीतून ओरडा झाला.

निंदणाला आलेल्या बाया एका जागी गोळा झाल्या होत्या. वर्षा धावली, मागे मी. एक तिशीची बाई, शेवंता तिचं नाव, बांधावर बसली होती. पायाला डोम्या नाग डसला होता. तिची सासू तिला धरून होती — सत्तरीची, बारीक, पण आवाज खणखणीत. शेवंताच्या पापण्या खाली येत होत्या. "मले दोन-दोन दिसून राहिलं," एवढं ती म्हणाली आणि मग जीभ जड झाली.

एक बाई म्हणाली, झाडणाऱ्याकडे न्या, तो मंत्रानं विष उतरवतो. सासू कडाडली, "कायले झाडणारा? माझ्या पोराले झाडाले नेलं होतं न बाई, वाचला काय तो? दवाखान्यात ने!"

अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन दूर गेलेली. फोनवरच्या डॉक्टरने लक्षणं विचारली आणि सांगितलं, वाट बघू नका, जे वाहन मिळेल त्याने थेट तुमसरचा दवाखाना गाठा, श्वास मंद होईल. मोटारसायकलवर तिला बसवता येण्यासारखं राहिलं नव्हतं. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नाही.

वर्षा माझ्याकडे बघून म्हणाली, "लावा गाडी."

"अगं, हेड उडालंय. दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम होईल."

"तं दोन किलोमीटर जाऊ. तिथून पुढचं तिथं पाहू."

गॅस्केट बदलायला निवांत दुपार हवी आणि या बाईकडे ती नव्हती. चांगलं नवं गॅस्केट पेटीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी कॅन घेतला, बोडीत उतरलो. वाकून पाणी घेणार तोच मागून म्हातारीचा आवाज.

"असं नोको घेऊ, जवाईबापू. मांगून घे."

मी इतका घाईत होतो की मला रागच आला. कोणाला मागू? वर्षा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, बोडीला हात जोडले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माय, पानी दे. लेकीले न्यायचं आहे." मी तोवर कॅन बुडवलासुद्धा होता. आधी मागितलं की आधी घेतलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

गाळायला वेळ नव्हता. गढूळ, शेवाळाचं पाणी तसंच रेडिएटरमध्ये ओतलं. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, ब्लॉकला तडा जातो, हे मला चांगलं माहीत आहे. तरी ओतलं. शेवंताला मागे ताडपत्रीवर कुशीवर निजवलं. डोकं वर्षाच्या मांडीवर, पाय सासूच्या मांडीवर.

गाडी सुरू झाली, पण दोनच सिलिंडरवर, ठकठक करत. पाळ ओलांडली. आता वाफ येईल, आता आवाज येईल म्हणून मी कान लावून बसलो होतो... आणि इंजिन एकदम गुळगुळीत चालायला लागलं. चारही सिलिंडर. इतकं सुरेख ते माझ्या हातात कधीच चाललं नव्हतं. काटा खाली, तळाशी. मला वाटलं वायर तुटली असेल. काचेवर बोट मारलं, काटा हलला नाही.

या जीपमध्ये डाव्या पायाला कायम भाजतं. गिअरबॉक्सची आणि इंजिनाची सगळी झळ तिथे येते, उन्हाळ्यात मी बूट घालून चालवतो. त्या दिवशी पायात चप्पल होती. झळ नव्हती. मी एका हाताने समोरचा पत्रा चाचपला, तर तो माठासारखा गार! आणि गाडीत वास येत होता, जळक्या तेलाचा नाही... ओल्या गाळाचा.

मागून वर्षा म्हणाली, "श्वास चालू आहे. थांबू नका."

मी थांबलो नाही. दोन किलोमीटर कधीच मागे पडले होते. तुमसर येईपर्यंत गाडी एकदाही खोकली नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. इंजेक्शन सुरू झालं, श्वासाची नळी घातली. वर्षा आणि म्हातारी आत थांबल्या. मला आत काही काम नव्हतं, म्हणून मी आवारात उभ्या केलेल्या गाडीपाशी आलो.  सवयीने फडकं गुंडाळून, तोंड बाजूला करून रेडिएटरचं झाकण फिरवलं. एरवी या वेळी उकळतं पाणी उसळून येतं.

काही आलं नाही. साधा फुस्स आवाजही नाही.

बोट घातलं. गार पाणी. हेडवर तळहात ठेवला, तर ते लोखंड सावलीत ठेवल्यासारखं. आणि मग पाण्यात काहीतरी हललं. बोटाच्या पेराएवढी मासोळी. जिवंत! वरच्या टाकीत गोल फिरत होती.

मी गेटवरच्या वॉचमनला हाक मारली. तो आला, डोकावला आणि म्हणाला, "मासोळी आहे. तं?" त्याला काय सांगणार? धड गॅस्केट असलेल्या, पूर्ण तंदुरुस्त गाडीतसुद्धा एवढ्या रस्त्यानंतर त्या पाण्यात हात घालता येत नाही. मासा शिजेल, पोहणार नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आहे, पण त्यात दिसतं काय... रेडिएटरमध्ये मासोळी. कोणीही टाकेल.

मग डिपस्टिक काढली. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा, म्हणजे पाणी तेलात उतरलेलं. सुरू करून बघितली, तर स्टार्टर दोनदा घरघरला आणि अडला. प्लग काढल्यावर मधल्या दोन सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली. ती गाडी जागेवरून हलण्याच्या लायकीची नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. पेशंट वाचेल.

गाडी ओढून तुमसरमधल्याच एका गॅरेजात नेली. तिथल्या जब्बारभाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हेड उचललं. गॅस्केट मधोमध जळून अंगठा जाईल एवढं मोकळं झालेलं.

"ये चलके नहीं आई, भाईसाब," ते म्हणाले. "टोचन करके लाए होंगे."

मी चालवत आणली, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गॅस्केट उजेडात धरून पुन्हा पाहिलं आणि ते बाजूला ठेवून ब्लॉक पुसायला घेतला.

मासोळी वर्षाने स्टीलच्या डब्यात नेऊन बोडीत सोडली.

त्यानंतर मी शांत बसलो नाही. नवं गॅस्केट टाकलं, दोनदा त्याच रस्त्याने गेलो, त्याच बोडीचं पाणी भरलं, सोबत कारखान्यातला थर्मामीटर. एकदा न मागता भरलं, एकदा मागून... हो, मागितलं मी, आजूबाजूला कोणी नाही हे बघून! दोन्ही वेळा काटा जिथे चढायला हवा तिथे चढला, पाय भाजला. तिसऱ्यांदा मासा टाकून बघायचा विचार होता. वर्षाने टाकू दिला नाही. "तुमच्या प्रयोगापायी त्याचा जीव घेता काय?" म्हणाली.

कारखान्यातल्या मित्रांनी कारणं सुचवली. हवा अडकली असेल, म्हणून काटा खाली. ठीक, पण मग लोखंड गार कसं? गॅस्केटची फट तात्पुरती बसली असेल, म्हणून चारही सिलिंडर चालले. असेल, पण चालणारं इंजिन तापतं ना! भीतीमुळे तुला तसं भासलं असेल. भासलं असेल... पण वर्षालाही तोच वास आला होता आणि मासोळी तर तिने स्वतः नेली. प्रत्येक कारण एक गोष्ट सोडवतं आणि दुसरी तशीच ठेवतं.

धान लोंबीवर आलं तेव्हा आम्ही शेवंताला भेटायला गेलो. पाय थोडा सुजलेला, बाकी ठणठणीत. तिने चहा केला, तिच्या सासूने कोहळ्याचं फळ गाडीत ठेवलं. मी जरा संकोचत विचारलं, "रस्त्यातलं काही आठवतं काय?"

"नाही न भाऊजी. डोळेच उघडत नव्हते." मग थांबून म्हणाली, "पन एक आठवते. कोनीतरी पायावर पानी टाकून राहिलं होतं. थंडगार. पार दवाखान्यापर्यंत."

मी म्हातारीकडे पाहिलं. शेवंताचे पाय पूर्ण रस्ता तिच्याच मांडीवर होते.

"मी कुठून टाकू, बापू? माझ्यापाशी पानी होतं कुठं?" ती म्हणाली. "माझा पदर तं कोरडा होता."

शेवंता सासूकडे बघून हसली. "जाऊ द्या न मामी, टाकलं ज्यानं त्यानं," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मी अजून कारण शोधतोय. मिळालं तर इथेच लिहीन, आणि ते अगदी साधं निघालं तरी मला लाज वाटणार नाही.