जुन्या रिअ‍ॅक्टरची झडप

माझ्या दिवाणखान्यात चार फुटांचा समुद्र आहे. खरा समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी पाकिटातलं मीठ मोजूनमापून पाण्यात कालवतो आणि काचेच्या टाकीत दुसरा तयार करतो. त्यात प्रवाळ वाढवतो. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग बायकोकडे. बायकोची त्यांना कीव येते.

प्रवाळाला वाढायला चुना लागतो. तो पुरवणारं यंत्र म्हणजे कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. एक पारदर्शक नळकांडं, त्यात मेलेल्या प्रवाळाची खडी आणि त्यातून सोडलेले गॅसचे बुडबुडे. गॅसने पाणी आंबट होतं, खडी विरघळते आणि ते पाणी टाकीत ठिबकत राहतं. म्हणजे मेलेल्यांची हाडं विरघळवून जिवंतांना पाजायची. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हाच शिसारी यायला हवी होती. मला कौतुक वाटलं.

पाणी फार आंबट झालं की गॅस बंद करायला विजेवर चालणारी झडप असते. माझ्या रिअ‍ॅक्टरची झडप अधूनमधून उघडीच अडकायची. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या मारल्या की टक्‌ करून बसायची. लक्ष नसेल तर सगळा गॅस टाकीत सुटणार आणि आतलं सगळं मरणार. मी घरातच काम करणारा माणूस, म्हणून निभावलं. शेवटी कंटाळून दोन नळकांड्यांचा, मोबाइलवर चालणारा नवा रिअ‍ॅक्टर मागवला आणि जुना विकायला काढला. जाहिरातीत लिहिलं, ‘उत्तम स्थितीत’.

जाहिरातीला जे लोक आले त्यांनी वीट आणला. सतरा जणांनी ‘फायनल किती?’ एवढंच विचारलं. एकाने विचारलं, यात सोडा बनेल का? मी प्रत्येकावर मनातल्या मनात खेकसत होतो, जणू माझ्या प्रामाणिक मालाची हे लोक विटंबना करत होते.

मग हर्णैहून एक बाई आल्या. संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन पुढे विकणाऱ्या. नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान होता, दोराच्या यंत्रात पाय सापडला आणि तो कायमचा घरी बसला. बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधली टाकी त्यांना मिळाली होती. त्यात तीन प्रवाळ होते आणि तो माणूस दिवसभर त्या टाकीपुढे बसायचा. चुन्याचं औषध रोज थेंब मोजून घालावं लागतं आणि त्याचे हात थरथरतात, म्हणून बाईंना यंत्र हवं होतं.

“त्येवढाच जीव लागलाय त्याचा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “नायतर भिंतीकडं तोंड करून बसतो.”

त्यांनी रिअ‍ॅक्टर तपासला तो पापलेट तपासावा तसा. उजेडात धरला, रबरी कड्यावरून नख फिरवलं, झाकण उघडून वास घेतला. जिथे बोट जाईल तिथे बोट घातलं. झडप तेवढी बंद डबीत असते, तिला बोट लागत नाही.

“चालतं ना बराबर?”

“तुमच्यासमोरच लावतो की,” मी म्हणालो आणि लावून दाखवला. त्या येण्याआधी मी झडपेला टिचक्या मारून ठेवल्या होत्या. झडप टक्‌ करून उघडली, टक्‌ करून बंद झाली. मी एक शब्दही खोटा बोललो नाही. एवढी अक्कल मला आहे आणि त्या अकलेचीच आता किळस येते.

मी सांगितलेला भाव त्यांनी मान्य केला, यंत्र गोणपाटात गुंडाळलं, मांडीवर घेऊन एसटीने गेल्या. जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, “कवा आलात तर लिलाव बगायला या.”

पुढे काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. ‘वाढला का बगा.’ मी अंगठा पाठवायचो. एखाद्या दिवशी लिहायचं ठरवायचो की ती झडप बदलून घ्या. मग वाटायचं, आता लिहिलं तर आधी माहीत होतं हे कळेल. अंगठाच पाठवायचो. मग फोटो बंद झाले आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं.

महिन्याभराने आम्ही आंजर्ल्याला गणपतीला गेलो. परतताना बायकोने हर्णैचा लिलाव बघायचा हट्ट धरला. वाळूत मासळीचे ढीग पडले होते, भोवती माणसांची गर्दी. बायकोने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, “वर चांगले आणि खाली शिळे निघाले तर?”

“बगून घ्यायचं. बोली झाल्यावर रड नाय करायची,” तो म्हणाला. “हितं कोन करत नाय.”

इतक्यात मला त्या दिसल्या. मी एका टेम्पोच्या आड सरकलो. खरंच सरकलो, बायकोला तिथेच सोडून. पण तिला बघून त्यांनी मला शोधलंच आणि आम्हाला चहाला घरी नेलं.

नवरा खुर्चीत बसला होता, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या पाठीमागे टाकी. तिच्यात पाणी नव्हतं. सुकवलेल्या कोळंबीचे सोडे काठोकाठ भरले होते, वर काचेचं झाकण. मांजर शिरत नाही, दमट हवा लागत नाही, बाई म्हणाल्या, उपयोगी पडली.

“गॅसचा व्हाल्व अडकला,” तो भिंतीलाच म्हणाला. “सकाळी उठलो तं सगला मरून पांढरा.”

“अहो, मग मला कळवायचं ना,” मी म्हणालो. हेच वाक्य सुचलं मला. ‘मला माहीत होतं’ हे तीन शब्द घशापर्यंत आले आणि मी ते चहाबरोबर गिळले. मग म्हणालो, “पैसे परत देतो.”

“कशाला? मी बगून घेतला व्हता,” बाई म्हणाल्या. “माजीच नजर चुकली. घेतल्या मालाची रड नाय करायची.”

नवऱ्याने मान वळवली नाही.

निघताना त्यांनी माझ्या बायकोसाठी पिशवीभर सोडे काढले. मी नको नको म्हणत होतो. पिशवी बांधता बांधता त्या थांबल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि सगळी पिशवी त्यावर उलटी केली.

“खालचं पन बगून घ्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी बगितल्याशिवाय देत नाय.”

मला वाकून बघावं लागलं. खालचे सोडे वरच्यांपेक्षा मोठे होते.