उंदरांच्या नावावर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. देवापुढे हात जोडतानाही हा विषय टाळतो — त्याला माहीत असणारच, मी कशाला बोलू, असं म्हणून. पण हल्ली कुणी घरी आलं आणि मान वर करून म्हणालं, "मास्तर, माळ्यावर खोली काय झकास काढलीत हो!" — की माझं डोकं फिरतं. काय झकास? कुणी विचारलं होतं तुम्हाला? बिचारा पाहुणा कौतुकच करत असतो. राग त्याचा नसतोच, पण निघतो त्याच्यावर. आणि तो गेल्यावर, चहा पांचट झाला म्हणून, बायकोवर.

सांगतो. जरा आडवळणाने जाईन, तेवढं चालवून घ्या.

आमचं घर कैनाडला. मी तलासरीकडच्या एका शाळेत शिकवतो. घर कौलारू, मधल्या खोलीवर लाकडी माळा, आणि माळ्यावर काकीची कणगी — बांबूच्या कामट्यांची, धान्य साठवायची. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, ती आमच्यातच राहिली. सातबारा, घरपट्टी, रेशनकार्डाचं पहिलं पान — कशावरच तिचं नाव नाही. तिचं म्हणावं असं घरात एकच होतं, ते म्हणजे बियाणं. लग्नात तिच्या आईने फडक्यात बांधून दिलेला वासाचा भात. दर साल ती त्यातल्या चांगल्या लोंब्या वेगळ्या काढायची, दाणे वाळवायची, कणगीत भरायची आणि तोंड शेणाने लिंपून टाकायची. ते लिंपण फोडायचं तिनेच — ज्येष्ठात, पाच दाणे देवापुढे ठेवून. मग पाड्यावरच्या बायका यायच्या, आणि काकी ओट्यावर बसून सुपाने एकेकीला घालायची. कुणाला किती द्यायचं, कुणाचं शेत कसं, सगळं तिला पाठ. त्यामुळे ते बियाणं दुसरं कुणी राखतच नसे. त्या दिवशी तिला घरात कुणी काम सांगत नसे.

एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मुलगी बारावीला जाणार होती. तिला अभ्यासाला जागा हवी होती, म्हणून माळा उंच करून खोली काढायचं ठरलं. कौलं उतरवायची तर वैशाखातच. सुतार येऊन माप घेऊन गेला. आधी माळा पूर्ण रिकामा करा, म्हणाला. खाली धूळ पडेल, भांडीकुंडी झाका, टीव्ही हलवा, पंख्याची वायर सोडवून घ्या, जिना कुठून घ्यायचा ते ठरवा. मी वहीत यादी केली आणि एकेक खूण करत गेलो. जुने पलंगाचे पाय, फुटकी घमेली, गणपतीची मखरं, सगळं उतरवलं. राहिली कणगी. ती काकीने माळ्यावरच बसून बांधून घेतलेली, माळ्याच्या तोंडापेक्षा रुंद. फोडल्याशिवाय खाली येणार नव्हती.

काकीला तलासरीपलीकडे माहेरच्या लग्नाला जायचं होतं, बायको आणि मुलगीही तिच्याबरोबर निघाल्या होत्या. जाताना ती एवढंच म्हणाली, "सुदा, चार दिस थांब. मी आले की मीच फोडीन. तू हात नको लावू."

चार दिवस! सुतार तर सहाव्या दिवशी यायचा होता. मग घाई कसली होती मला? सांगतो, कसली ते. माझं घर, माझा माळा, पगार माझा, आणि मी एका कणगीसाठी परवानगी घ्यायची? असा ताठा. दुसऱ्याच दिवशी मी कोयता घेऊन वर चढलो आणि कणगी उभी चिरली. दोन गोण्या भरल्या आणि पडवीत नेऊन ठेवल्या — खायच्या भाताच्या गोण्यांना लागून. तशाच गोण्या, तशीच सुतळी. चिंधीसुद्धा बांधली नाही. शेतकऱ्याच्या घरातलं पोरही हे करणार नाही. मी केलं, आणि मी मास्तर.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सुतार-मजुरांच्या जेवणाला तांदूळ लागणार, म्हणून तिसऱ्या दिवशी पडवीतल्या चार गोण्या टेम्पोत घातल्या आणि आशागडच्या बाजूला गिरणीवर गेलो.

इथवर चूक होती. चूक माणसाच्या हातून होते. मला चुकीबद्दल बोलायचं नाही.

पहिल्या दोन गोण्या निघाल्या. तिसरी आत गेली आणि गिरणीभर वास सुटला. मला कळलं. गिरणीवाल्याने मूठभर दाणे नाकाशी नेले आणि म्हणाला, "मास्तर, असा भात कोण भरडतंय? बियाणं तर नाय ना हा?" गावचे चार-पाच जण तिथे नंबर लावून बसलेले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

चौथी गोणी अजून बांधलेली होती. माझ्या पायाशी.

"थांबव" — एवढा एकच शब्द. तो बोललो असतो तर अर्धं बियाणं वाचलं असतं. अर्धं पुष्कळ झालं. त्यावर दोन-तीन सालांत काकीने पुन्हा कणगी भरली असती. पण ती गोणी परत टेम्पोत टाकली असती, तर गावभर झालं असतं ना — मास्तर बियाणं भरडायला घेऊन आला! आमच्याकडे बियाणं खाणारा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. माणसाकडे खायला काही उरलं नाही, किंवा त्याला अक्कल उरली नाही. मी हसलो. "छे हो, घरचा खायचाच आहे," म्हणालो. आणि मला कुणी शंका घेऊ नये म्हणून चौथ्या गोणीचं तोंड मी स्वतः सोडलं.

हे ते. हेच सांगायचं होतं.

बाकीचं त्याच्या शेपटासारखं मागून आलं. वासाचा तांदूळ घरात शिजला असता तर काकीने उंबऱ्यावरूनच ओळखला असता. म्हणून तो मी शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना वाटून टाकला, गावचा तांदूळ म्हणून. सगळ्यांनी आठवडाभर वाहवा केली. वाहवा! मी ती ऐकून घेतली. गिरणीतून तूस मागून आणलं आणि माळ्यावर, फुटक्या कणगीभोवती पसरलं. कामट्या कोयत्याने जिथे चिरल्या होत्या त्या कुस्करून ठेवल्या. काकी आली तेव्हा म्हणालो, "उंदरांनी सगळं खाल्लं गं. लिंपण पातळ झालं असेल."

ती वर चढली. चिमूटभर तूस उचललं, बोटांत चोळलं. बोटांकडे बघितलं. मग बोटं पदराला पुसली आणि खाली उतरली. "असल," म्हणाली. "माझाच हात पातळ झाला."

ज्येष्ठात बायका आल्या. काकी ओट्यावर रिकाम्या हाताने उभी राहिली आणि प्रत्येकीला तेच सांगत राहिली — उंदरांनी खाल्लं, चूक माझी. एक जण फाटकाशी जाऊन दुसरीला म्हणाली, "म्हातारीचा हात गेला आता." मला इतका संताप आला! वाटलं, धावत जाऊन तिला विचारावं, चाळीस वर्षं कुणाच्या हातचं पेरत होतीस? आणि मी कुठे होतो? आत, खिडकीशी, पेपर तपासत. जागचा हललोही नाही. त्या सालापासून सगळ्यांनी बियाण्याच्या दुकानातल्या पिशव्या आणल्या. आम्हीही.

खोली झाली. मुलगी तिथेच शिकली, चांगले मार्क मिळाले, ती आता शिकायला बाहेर आहे. काकी त्या जिन्याची एक पायरीही कधी चढलेली नाही. गुडघे दुखतात, म्हणते.

गेल्या वैशाखात स्वयंपाकघरात खरोखरच उंदीर झाले. कोपऱ्यातली भाताची पिशवी कुरतडली. काकीने मला हाक मारली, जमिनीवरचं तूस तळव्यावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे बघ," ती म्हणाली, "उंदराचं तूस असं. दातांनी फाडलेलं, कोरडं. गिरणीचं तूस चोळलं का बोटाला पीठ लागतं." आवाज चढलेला नव्हता. "मास्तर माणसाला ठाऊक असावं."

दाराशी केरसुणी होती. मी "हो का?" म्हणालो, आणि ती उचलून तिच्या हातात दिली.