कल्याणप्पाची पाठ

त्रेचाळीस-चव्वेचाळीस साली, निजामाच्या अमलात, कल्याणप्पा भूमच्या कचेरीत नक्कलनवीस होता. उर्दू कागदांच्या नकला करायच्या, एवढंच काम. मी त्याच्या शेजारी बसून तेच काम करीत होतो, म्हणून सांगतो, इतका वाकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सतरंजीवर मांडी, पुढं वीतभर उंचीचं डेस्क, आणि नाक दौतीत बुडेल इतकी मान खाली. साहेबांची चाहूल लागली की बसल्या जागी आणखी दोन बोटं खाली. पस्तिशीतच पोक आलं. शेरवानी मागून वर चढायची अन् पुढून गुडघ्यांवर लोळायची.

पाठ सारखी दुखायची, आणि ते रडगाणं आम्ही ऐकायचं. लेप झाले, शेक झाले, दर्ग्याचा ताईतही झाला. त्याची बायको शरणम्मा विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन यायची, पाठ ओळंब्यासारखी सरळ. तीच एकदा वैतागून त्याला तालमीतल्या महेबूब वस्तादांकडं घेऊन गेली.

वस्तादांनी पाठीला हातसुद्धा लावला नाही. "लिहिता कसं, ते बसून दाखवा," म्हणाले. कल्याणप्पा बसला.

"दवा न्हाय लागत याला. डेस्काखाली दोन विटा घाला. पाठ भिंतीला लावून बसा. घटकाभर लिहिलं की उठून चार पावलं चाला. अन् रोज सकाळी डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवून अंगणात फेऱ्या मारा. मान आपसूक वर येईल."

पहिले आठ दिवस तांब्या पडायचा आणि हा शरणम्मावर ओरडायचा. ती तांब्या पुन्हा भरून त्याच्या डोक्यावर ठेवायची. दीड महिन्यात पाठ दुखायची थांबली. श्वास मोकळा झाला. शेरवानी अंगावर नीट बसली, तेव्हा कळलं की हा गडी माझ्यापेक्षा उंच आहे. चेहराही बरा होता. आजवर कुणाला दिसलाच नव्हता.

मग एका दुपारी व्हरांड्यातून जाताना साहेब सहज हसून म्हणाले, "क्यों कल्याणप्पा, आजकल बडे अकडके चलते हो?"

थट्टाच होती ती. पुढच्या दारापर्यंत साहेब विसरलेसुद्धा. कल्याणप्पा मात्र तडक डेस्कापाशी गेला. त्यानं विटा काढल्या आणि खिडकीबाहेर टाकल्या.

"साहेबांना वाटलं, मला माज चढलाय," तो मला म्हणाला. "नोकरी गेली म्हंजे?"

त्याच्या नोकरीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

शरणम्माला हे कळलं. "पाठ तुमची, दुखणं तुमचं," ती म्हणाली. "आता माझ्यापुढं कण्हायचं न्हाय." त्यानंतर तिनं त्याच्या पाठीला तेलाचं बोट लावलं नाही.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. कचेरीत टेबलं-खुर्च्या आल्या. नवे साहेब तरुण, मराठी बोलणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताठ बसा कल्याणप्पा, आता कुणाला भ्यायचं कारण नाही."

"जी हुजूर," म्हणत हा उठला आणि इतका वाकला, की टोपी साहेबांच्या कागदांवर पडली.

खुर्चीवरही तो मांडी घालून, मान खाली खुपसून लिहीत राहिला. शेवटची वर्षं काठीशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं. पाठ दुखते, हे एकाही साहेबाला त्यानं कधी सांगितलं नाही. आमच्यापुढं मात्र रोज कण्हायचा. मला त्याची कीव आली नाही. मी माझी खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत नेली.