होडीला हात

“युनिफॉर्मात आहेस. होडीला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस.”

रिसॉर्टचे मालक हे पाहुण्यांसमोर म्हणाले. पाहुणे आरे-वारेचा किनारा बघून परतलेले, हातात शहाळी. मी हात मागे बांधले. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, शाळकरी पोरासारखा उभा.

समोर माझा थोरला भाऊ आणि वहिनी होडी वर ओढत होती. दोघंच. दादाच्या खांद्यावर दोर. वहिनी मागचा ओंडका उचलून पुढं टाकायची, पुन्हा मागं धावायची. भरती चढत होती. सुरूंखालची होडीची जुनी जागा मालकांनी बंद केली होती, म्हणून हा पलीकडचा उभा चढ. तसा निरोप दादाला मीच पोचवला होता.

आमच्यात होडी ओढायला कुणाला बोलवत नाहीत. वाळूत असेल तो येतो. अबोला असला तरी येतो. होडी वर चढली की पुन्हा अबोला.

एका पाहुणीनं विचारलं, दोघांना जमेल का. मालक म्हणाले, “त्या लोकांना सवय असते.”

सगळे हसले. मीही हसलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात होडी मागं घसरली. वहिनीची बोटं ओंडक्याखाली चेमटली. ती ओरडली नाही, हात पोटाशी धरून नुसती खाली बसली. तेव्हा कुठं मी धावलो. मालकांकडे न बघता होडीला हात घातला.

दादानं वर पाहिलं.

“साहेब, बाजूला व्हा. कापडं मळतील.”

ज्यानं मला पोहायला शिकवलं, त्यानं मला अहो-जाहो केलं. होडीला वैऱ्याचा हात चालतो. माझा चालला नाही.

नोकरी त्याच संध्याकाळी सोडली. त्यात मर्दुमकी कसली, व्हायचं ते होऊन गेलं होतं. वहिनीची दोन बोटं अजून वळत नाहीत. दादानं होडी विकली. सुरूंखाली आता खुर्च्या मांडलेल्या असतात. दादा रस्त्यात दिसला तर मान फिरवतो.

आता रत्नागिरीत त्या जागेची सुनावणी लागलीय. मालक म्हणतात, तिथं होडी कधी नव्हतीच. गावातल्या दोघांनी तशा सह्याही दिल्या.

मी जाणार. होडी तिथंच असायची, हे सांगणार. ती हलवायचा निरोप मी नेला, हेही. आणि हसलो, तेही. जागा मिळायची नाही, मला ठाऊक आहे. दादाही बोलायचा नाही. वकील विचारील, तुमचा काय संबंध?

“सख्खा भाऊ,” म्हणेन. “लिहून घ्या.”